टेस्टोस्टेरॉन सुरू करण्यापूर्वी शरीराची आणि मनाची तयारी कशी करावी? आईला आधी सांगावे का?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही माझ्यासारखेच ट्रान्स पुरुष आहात, म्हणजे जन्मतः मुलगी ठरवलेले पण पुरुष असलेले, वय 23 आहे, नोकरी नागपुरात आणि घर गावाकडे आहे, मानसोपचारतज्ज्ञांचे पत्र मिळाले आहे आणि दोन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉनचे, म्हणजे पुरुषी संप्रेरकाचे, पहिले इंजेक्शन आहे. शरीराच्या तयारीबद्दल तुमचे डॉक्टर माझ्यापेक्षा चांगले सांगतील. आईला आधी सांगावे की नंतर, यावर मात्र माझा आणि माझ्या ताईचा चार वर्षांपासून वाद चालू आहे, आणि खरे सांगायचे तर त्यासाठीच मी लिहायला बसलो.

मन पूर्ण तयार झाल्यावरच सुरुवात करा, असे जे सांगतात त्यांचे ऐकू नका. मी त्या सल्ल्यापायी दोन वर्षे घालवली आणि त्या दोन वर्षांत मन तसूभरही अधिक तयार झाले नाही. मला भीती आवाजाची किंवा दाढीची नव्हती, ते तर हवेच होते. भीती काटोलहून, म्हणजे गावाहून, रोज संध्याकाळी येणाऱ्या आईच्या फोनची होती, आणि ती कुठल्याही समुपदेशनाने गेली नसती. समुपदेशन निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, मला त्याचा उपयोग झाला. पण समोरचा तज्ज्ञ तुम्हाला ‘बरे’ करायला निघाला असेल तर तिथून उठा. असले उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्येच राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलेले आहे.

आता तपासण्या. हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण), यकृत, साखर, चरबी, रक्तदाब, गर्भधारणा नसल्याची खात्री, हे सगळे होईलच. टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात आणि रक्त दाट होते, म्हणून सुरुवातीचे आकडे हाती असणे फार महत्त्वाचे असते. पुढचे सगळे त्यांच्याशीच ताडून पाहतात. आपण विदर्भातले आहोत आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इकडे आढळतो, त्यामुळे त्याची तपासणी स्वतःहून मागा. माझे हिमोग्लोबिन थोडे कमी आले म्हणून धंतोलीतल्या डॉक्टरांनी ती लिहून दिली. आधी सोल्युबिलिटी चाचणी आणि नंतर इलेक्ट्रोफोरेसिस झाले, आणि जानेवारी 2022 मध्ये अहवाल आला: एएस, म्हणजे वाहक. वाहक असणे हा आजार नव्हे आणि त्यामुळे माझे औषध अडले नाही. परंतु डॉक्टरांनी सहज विचारले, ‘बहीणभाऊ आहेत का?’, आणि माझी सगळी तयारी तिथेच कोलमडली.

ताई तेव्हा तीन महिन्यांची गरोदर होती. आईवडिलांपैकी एक जण वाहक असेल तर प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी असते, आणि ताई व भाऊजी दोघेही वाहक निघाले असते तर बाळाला प्रत्यक्ष आजार असण्याची शक्यता चारात एक होती. ही गोष्ट तिच्यापासून लपवणे शक्यच नव्हते. मी त्याच रात्री फोन केला. ती पहिल्यांदा घाबरली, मग शांत झाली, आणि मग तिने विचारले, ‘पण तू ही तपासणी केलीस कशासाठी?’ ऑफिसात शिबिर होते असे सांगून सुटता आले असते, हे ती आजही मला ऐकवते. मला ते सुचले नाही. मी सगळे सांगून टाकले आणि आईला सांगू नकोस अशी शपथ घातली. पुढच्या आठवड्यात ती वाहक निघाली, भाऊजी निघाले नाहीत. बाळाची काळजी मिटली; शपथ मात्र तिच्या गळ्यात राहिली.

फेब्रुवारीत मी औषध सुरू केले. एप्रिलमध्ये आवाज फुटला आणि आईने फोनवर निदान केले, ‘घसा बसला तुहा.’ गावाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर ती ज्येष्ठमध पाठवू लागली. अपराधी वाटत असल्यामुळे मी ते सगळे खात होतो, सकाळी काढा आणि दिवसभर तोंडात काडी. मेअखेरच्या तपासणीत रक्तदाब चढलेला निघाला. डॉक्टरांनी मीठ विचारले, झोप विचारली, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, विचारला (नागपुरात हा प्रश्न विचारावाच लागतो), आणि शेवटी ज्येष्ठमध निघाले. ते नियमित आणि जास्त खाल्ले तर शरीरात मीठ-पाणी साचते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. टेस्टोस्टेरॉनचाही वाटा असेल, असे डॉक्टर म्हणाले, पण आधी ही काडी बंद करा. त्याच अहवालात हिमॅटोक्रिटही जास्त दिसले होते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पाणी न पिता रक्त दिले की असे होते. पुरेसे पाणी पिऊन पुन्हा दिले तेव्हा ते ठीक आले.

मी आईला एवढेच सांगितले की आता ज्येष्ठमध पाठवू नकोस, रक्तदाब वाढतो आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती गणेशपेठच्या स्थानकावर उतरली. माझ्या हनुवटीखाली तेव्हा मोजून दहा-बारा केस होते. ऑटोत ती एक शब्दही बोलली नाही. खोलीवर पोचल्यावर पाणी पिऊन म्हणाली, ‘सर्दीनं दाढी येते काय बापा?’

मी पाऊण तास बोललो. तिने मला शिव्या दिल्या नाहीत की ती रडली नाही. तिने एकच प्रश्न विचारला, ‘मोठीले मालूम होतं?’ मी हो म्हटले. ताईला आठवा महिना चालू होता आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती. आई काटोलला परतली आणि त्याच घरात पोटुशा लेकीशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पाय चेपून द्यायची, पण शब्द नाही. बाळ झाल्यावर बोलली. माझ्याशी ती एकदाही अबोला धरून बसली नाही, आणि ताईला हेच आजवर खुपते.

ताईचे म्हणणे असे की तिला सांगितले त्याच दिवशी मी आईलाही सांगायला हवे होते. माझे म्हणणे असे की तेव्हा सांगितले असते तर ते इंजेक्शन कधीच टोचले गेले नसते. आईने मला आधी घरी बोलावले असते, मग देवाला नेले असते, आणि मी गेलोही असतो. यावर मी आजही ठाम आहे. जो तुम्हाला थांबवू शकतो त्याची परवानगी मागू नका. तुम्ही सज्ञान आहात, पगार तुमचा आहे, खोली तुमची आहे. पण हे गुपित दुसऱ्या कुणाला सांभाळायला देऊ नका, एवढे ताईचे मला मान्य करावे लागते. तिला हे मी अजून तोंडावर म्हटलेले नाही.

हे सगळे स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. आईवडिलांच्या घरात राहत असाल तर आधी राहण्याची सोय करा. मी डॉक्टर नाही. मूल हवे की नको याचा विचार आत्ताच करा. स्त्रीबीजे गोठवायची असतील तर ते सुरुवातीपूर्वी करणे सोपे पडते, आणि पाळी थांबली तरी टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे. एकदा फुटलेला आवाज औषध सोडले तरी पूर्वीसारखा होत नाही, म्हणून जुना आवाज हवा असेल तर ध्वनिमुद्रित करून ठेवा. बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) आठ तासांपेक्षा जास्त घालू नका आणि घालून झोपू नका. इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, घेणाऱ्या कुणी ट्रान्स स्त्रिया हे वाचत असतील तर त्यांची यादी वेगळी आहे: तिथे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका पाहतात, म्हणून सिगारेट आधी सोडावी लागते.

सिकलसेलचा अहवाल वाहक असा आला तर भावंडांना कळवा, आणि तपासणी कशासाठी केली असे विचारल्यावर काय सांगायचे ते फोन लावण्यापूर्वी ठरवून ठेवा.