एकदाच दिलेले रेडिएशन पुरते का?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया आणि त्यांचे नातेवाईक समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक शंका वारंवार घेऊन येतात. गाठ काढून झाल्यावर त्याच भुलेत, शस्त्रक्रियेच्या टेबलावरच त्यांना रेडिएशन दिलेले असते, आणि ओळखीतली दुसरी एखादी बाई मात्र त्यासाठी आठवडेच्या आठवडे रुग्णालयाच्या खेपा घालून आलेली असते. मग आपल्यावरचा उपचार अर्धवट तर राहिला नाही ना, या विचाराने झोप उडते.

सुमनताई (नाव बदलले आहे) अशाच आल्या. वय 62, राहणार धायरी, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. गाठ लहान होती आणि तपासणीचे सर्व अहवाल चांगले होते. तरीही फाइल उघडून त्यांनी डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीवर बोट ठेवले.

"बघा, एवढंच लिहिलंय. माझ्या थोरल्या बहिणीला पंचवीस वेळा दिलं होतं. हडपसरहून रोज जायची. छातीवर शाईच्या खुणा केल्या होत्या, त्या पुसतील म्हणून धड अंघोळ करत नव्हती. कातडी काळी पडली. आणि मला? मी झोपेत होते."

वैद्यकीय प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनीच द्यावे, हे मी कटाक्षाने पाळते. मात्र घाबरलेल्या माणसाला नुसता धीर देण्यापेक्षा त्याच्या विचाराची त्याच्याबरोबर बसून तपासणी करावी, या मताची मी असल्याने डॉक्टरांनी दिलेली माहिती आम्ही दोघींनी पुन्हा नीट वाचली. गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत गोल टोकाचे उपकरण ठेवून कमी ऊर्जेचे क्ष-किरण सुमारे 20 ते 50 मिनिटे देतात. पोकळीच्या पृष्ठभागाला 20 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा मिळते आणि एक सेंटिमीटर खोलीवर ती 5 ते 7 ग्रेपर्यंत उतरते. रोग स्तनात परतलाच तर बहुधा मूळ गाठीच्या आसपास परततो, हा त्यामागचा विचार. जयंत वैद्य, मायकेल बॉम आणि जेफ्री टोबायस यांनी लंडनमध्ये 1998 साली पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. पुढे दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या टार्गिट-ए या वैद्यकीय चाचणीत 45 वर्षांवरील 2298 स्त्रिया सहभागी झाल्या. पाच वर्षांत स्तनात रोग परतण्याचे प्रमाण या पद्धतीत 2.11 टक्के, तर बाहेरून संपूर्ण स्तनाला किरण देण्याच्या पद्धतीत 0.95 टक्के आढळले. स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. या निष्कर्षांवर तज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला आहे, हेही मी सांगितले.

"म्हणजे शंभरात एक जास्त," मुख्याध्यापिकाबाईंनी हिशेब केला. "ती एक मीच असले तर?"

"असू शकाल. पण पंचवीस वेळा घेऊन तुमच्या बहिणीला तरी शून्याची हमी कुठे मिळाली होती? किती वेळा दिलं असतं म्हणजे तुमचं समाधान झालं असतं?"

"पंचवीस."

"आता पुष्कळ ठिकाणी पंधराच वेळा देतात, काही जणींना तर पाचच वेळा. त्यांचा उपचार अर्धवट म्हणायचा का?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मीही मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणे, हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि ते मला साधले आहे, असे मी म्हणू शकते. मग त्या जे बोलल्या त्यात रेडिएशनचा संबंध फारसा नव्हता.

"ताईकडे त्या पाच आठवड्यांत रोज कुणाचा ना कुणाचा डबा यायचा. भाऊजी रजा टाकून बरोबर जायचे. मी मात्र ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात पोळ्या लाटत होते. सून म्हणाली, आई, तुमचं किती छान झालं, एका दिवसात सुटलात! तिचं काही चुकलं नाही हो. पण मी सुटले नव्हते."

'पुरले का' या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, हे मला तेव्हा स्वच्छ दिसले. एकाचे उत्तर आकडे देतात, तर दुसऱ्याचे उत्तर घराने द्यायचे असते. लांबलेला उपचार त्रासदायक असतो, पण बाई आजारी आहे हे तो घराला रोज सांगत असतो, तिला घाबरण्यासाठी आणि इतरांना तिची काळजी घेण्यासाठी सवड देतो. उपचार एका दिवसात आटोपला की ती सवडही जाते. शिवाय सोसल्यावाचून बरे होता येत नाही, ही आपल्याकडच्या स्त्रियांच्या अंगवळणी पडलेली समजूत असते. त्यामुळे त्रास झाला नाही, याचीच धास्ती वाटू लागते.

मी त्यांना घरी एकच वाक्य बोलायला सांगितले. ते त्यांनी रात्री जेवताना उच्चारले: "मला अजून भीती वाटते आणि महिनाभर मी स्वयंपाक करणार नाही." घरात कोणी वाद घातला नाही. पोळ्यांना बाई लागली आणि पुढच्या तपासणीला मुलगा बरोबर गेला.

अशा कुटुंबांना मी आणखी काही गोष्टी सांगते. काढलेल्या गाठीचा सविस्तर अहवाल शस्त्रक्रियेनंतर येतो. त्यात धोक्याची लक्षणे आढळल्यास बाहेरून रेडिएशन द्यावे लागते आणि साधारण पाचांतल्या एकीवर ती वेळ येते. त्याचा अर्थ पहिला उपचार फसला असा नव्हे. ही शक्यता मुळातल्या योजनेतच धरलेली असते, म्हणून ती घरातल्या सर्वांना शस्त्रक्रियेआधीच ठाऊक असावी. या उपचाराचे किरण यंत्र बंद होताच थांबतात, अंगात काही उरत नाही, तेव्हा नातवंडांना खुशाल जवळ घ्यावे. ही पद्धत प्रत्येकीला लागू पडत नाही. गाठीचा आकार, प्रकार आणि वय पाहून डॉक्टर ठरवतात. ज्यांना ती सुचवली गेली नाही, त्यांनी 'मला का नाही' हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे.

सुमनताईंची हार्मोनची गोळी चालू आहे, आणि वर्षाच्या मॅमोग्राफीची तारीख सुनेने स्वतःच्या मोबाइलमध्ये नोंदवली आहे.