मुलीला यूसीत प्रवेश मिळालाय, तरी आधी कम्युनिटी कॉलेजला घालावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मुलीला यूसी सॅन डिएगोला (यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, राज्याचं अनेक कॅम्पस असलेलं विद्यापीठ) बायोलॉजीत प्रवेश मिळालाय. राहणं-खाणं धरून वर्षाला 42 हजार डॉलर लागतील असं पत्रात आहे. ग्रीन कार्ड नुकतंच हातात पडलंय, घराचा हप्ता चालू आहे आणि धाकटा अजून शाळेत आहे. तर पेरेंट प्लस हे आई-बापाच्या नावावरचं सरकारी कर्ज काढावं, की दोन वर्षं डी अँझा या स्वस्त सरकारी कम्युनिटी कॉलेजला घालून मग तिसऱ्या वर्षात यूसीत ट्रान्सफर करावं? शिवाय मंडळातले लोक नाक मुरडतील, त्याचं काय?

तुमच्या जागी मी असतो तर डी अँझा निवडलं असतं. अट एकच, मुलगी ‘सॅन डिएगोच’ म्हणून अडून बसलेली नसावी. यूसीच्याच डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा या कॅम्पसांतलं कुठलंही तिला चालणार असेल तर हा रस्ता भक्कम आहे. सॅन डिएगोच हवं असेल, तर हातातली जागा सोडून दोन वर्षांनी तीच परत मागायला जाणं मला पटत नाही. कारण पुढे सांगतो. आमचा थोरला डी अँझातून डेव्हिसला गेला, इकॉनॉमिक्स केलं. धाकटी थेट यूसीत गेली. त्यामुळे दोन्ही हिशेब घरात मांडून झालेत.

आधी पैसे. डी अँझाला क्वार्टर पद्धत आहे (सुमारे तीन-तीन महिन्यांची सत्रं) आणि कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांना एका युनिटला, म्हणजे कोर्स मोजायच्या एका मापाला, 31 डॉलर पडतात. ट्रान्सफरसाठी 90 क्वार्टर युनिटं लागतात, म्हणजे दोन वर्षांची मूळ फी 2,790 डॉलर. त्यावर किरकोळ शुल्क, पुस्तकं, पेट्रोल, पार्किंग. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांना राज्यातल्या बऱ्याच कॉलेजांत दोन वर्षं ही फीसुद्धा माफ होते. जेवण घरचं, खोली घरची. समोर यूसीच्या दोन वर्षांचे 84 हजार.

मुलीच्या स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज फार मिळत नाही: पहिल्या वर्षी 5,500, दुसऱ्या वर्षी 6,500, पुढे वर्षाला 7,500. चार वर्षांचे मिळून 27 हजार. उरलेला खड्डा भरायला आई-बापाच्या नावावरचं पेरेंट प्लस. त्याचा व्याजदर 2025-26 साठी 8.94 टक्के ठरला होता, वर कर्ज हातात येण्याआधीच चार टक्क्यांहून थोडी जास्त फी कापून घेतात. जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला 20 हजार आणि एकूण 65 हजार अशी मर्यादाही आली आहे. समजा तुम्ही 60 हजार काढले. 9 टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण 760 डॉलर, एकूण 91 हजारांवर. त्या दहा वर्षांत तुमचा धाकटाही कॉलेजला जाणार आहे. शैक्षणिक कर्ज दिवाळखोरीतही सहजासहजी सुटत नाही, हेही लक्षात असू द्या.

पण त्याआधी एक काम. एफएएफएसए, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरलाय का? आपल्याकडे ‘आपला पगार जास्त, आपल्याला कोण देणार’ म्हणून हा अर्ज न भरणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. कॅलिफोर्नियाची मिडल क्लास स्कॉलरशिप वर्षाला दोन लाखांच्या थोड्या वरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांनाही मिळू शकते, आणि ती यूसी व कॅल स्टेट (राज्याचं दुसरं सरकारी विद्यापीठ) यांच्यासाठी आहे. ग्रीन कार्डवाले आता पात्र आहात. तुमचा 42 हजारांचा आकडा मदत वजा करून आहे की आधीचा, हे त्या पत्रात नीट बघा. कर्ज न काढता 25 हजारांवर येत असेल, तर मग माझा सल्ला बदलेल.

आता ती अट. यूसीचा टॅग नावाचा करार आहे: ठरलेले विषय ठरलेल्या ग्रेडने पूर्ण केले तर ट्रान्सफरला प्रवेश पक्का. तो सहाच कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. सॅन डिएगोला डी अँझातून बरीच मुलं जातात, पण हमी कुणी देत नाही. टॅग एकाच कॅम्पसला भरता येतो, तोही ट्रान्सफरच्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात, आणि त्याशिवाय नेहमीचा यूसीचा अर्ज वेगळा भरावाच लागतो. टॅग भरला म्हणजे झालं, असं समजून अर्जच न केलेली मुलं असतात. कम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगवाल्यांना तर काही कॅम्पस टॅगमधूनच वगळतात. तुमच्या मुलीचं बायोलॉजी आहे म्हणून मी इतक्या निवांतपणे बोलतोय. तिला कम्प्युटर सायन्सची जागा मिळालेली असती तर सांगितलं असतं, कर्ज काढा पण ती सोडू नका.

हा रस्ता मागच्या दाराचा आहे असं आपल्या लोकांना वाटतं. कॅलिफोर्नियाने 1960 मध्ये यूसीचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने उच्च शिक्षणाचा जो मास्टर प्लॅन केला, त्यातच तो आखलेला आहे: काही मुलं थेट यूसीत, काही कॅल स्टेटमध्ये, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांसाठी, तिथून तिसऱ्या वर्षात वर जाण्याच्या सोयीसह. डिग्रीवर यूसीचंच नाव येतं, तुम्ही कुठून आलात ते त्यावर छापत नाहीत.

दुसरी बाजूही ऐका. साऱ्या अमेरिकेचं बघितलं तर कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा चार वर्षांच्या कॉलेजात पोचतो, आणि सहा वर्षांत बॅचलर्स पूर्ण करणारे जेमतेम 16 टक्के. यात नोकरी करून रात्री शिकणारे, मुलंबाळं असलेले, अर्धवेळवाले असे सगळे येतात, त्यामुळे तुमच्या मुलीला तो आकडा जसाच्या तसा लावू नका. पण मुलं अडकतात कुठे, ते मी जवळून पाहिलंय. ती चुकीचा कोर्स घेतात, किंवा बरोबर कोर्स वेळेवर मिळत नाही, आणि दोन वर्षांची तीन होतात. तिसरं वर्ष आलं की बचतीचा एक लचका गेलाच, शिवाय पोरगं कंटाळतं.

बायोलॉजीला हा धोका जास्त. पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्रीच्या तीन क्वार्टरची साखळी, ती संपल्याशिवाय दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिकची साखळी सुरू होत नाही. पहिल्याच फॉलमध्ये (सप्टेंबरच्या क्वार्टरमध्ये) या साखळीतला पहिला कोर्स केमिस्ट्री 1ए हुकला की पुढचं सगळं सरकतं. नवीन मुलांचा रजिस्ट्रेशनचा नंबर उशिरा लागतो, कारण आधीच्या मुलांना युनिटांप्रमाणे प्राधान्य. तोवर लॅबचे चांगले वर्ग भरलेले असतात. मग वेटलिस्ट. थोरल्याच्या कॅल्क्युलसच्या पहिल्या तासाला मुलं भिंतीला टेकून उभी होती. सरांनी आधी हजेरी घेतली, जे आले नव्हते त्यांची नावं तिथल्या तिथे काढली, मग वेटलिस्टची नावं क्रमाने वाचत एकेकाला वर्गात नाव घालायचा ॲड कोड दिला. जो वेटलिस्टवर होता पण ‘जागा कुठे मिळणार’ म्हणून घरी बसला, त्याची जागा मागच्याने घेतली. आमच्याकडे तेव्हापासून नियम झाला: वेटलिस्टवर नंबर कितीही असो, पहिल्या तासाला वर्गात हजर. केमिस्ट्री, गणिताचं प्लेसमेंटही शाळा संपताच उरकून घ्या. ते राहिलं तर प्राथमिक कोर्स माथी बसतो आणि एक क्वार्टर जातं.

कोणता विषय यूसीत धरतात हे मित्रांना विचारू नका, असिस्ट नावाच्या सरकारी वेबसाइटवर बघा. डी अँझा, मग यूसी डेव्हिस, मग मेजर (मुख्य विषय) निवडलं की डावीकडे यूसीचा कोर्स आणि उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा डी अँझाचा कोर्स, असं शेजारी शेजारी दिसतं. त्याचा कागद छापून फ्रिजवर लावा, गंमत नाही. दोन-तीन कॅम्पसचे कागद जुळवून सगळीकडे चालतील तेच कोर्स आधी घ्यायचे. काउन्सेलरला भेटताना हा कागद हातात असला की अर्ध्या तासाच्या भेटीत खरं काम होतं. नुसतं ‘मी काय घेऊ’ विचारलं तर गुळमुळीत उत्तर मिळतं.

तिला पुढे डॉक्टर व्हायचं असेल तर एक अडचण आहे. मेडिकलच्या अर्जात कम्युनिटी कॉलेजच्या ग्रेडही जातात, आणि काही मेडिकल स्कूलना सायन्सचे सगळेच मुख्य विषय तिथे केलेले आवडत नाहीत. यूसीत गेल्यावर वरच्या पातळीचे बायोलॉजी-बायोकेमिस्ट्रीचे कोर्स चांगल्या ग्रेडने केले की बरंच भरून निघतं. प्रोफेसरच्या लॅबमध्ये शिरायला मात्र चाराऐवजी दोनच वर्षं मिळतात, हे खरं नुकसान आहे आणि ते मी कमी लेखणार नाही.

एच-फोरवर (एच-वन व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्यांनी माझं उत्तर जसंच्या तसं उचलू नये. त्या मुलांना सरकारी कर्ज नाही, ग्रँट नाही, आणि 21 पूर्ण झाली की एच-फोर संपतो. म्हणजे ऐन ट्रान्सफरच्या सुमाराला एफ-वन या विद्यार्थी व्हिसाची धावपळ. स्वस्त सुरुवात त्यांनाही उपयोगाची, पण आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्या. न्यू जर्सीत असाल तर तिथे शाळेतल्या वरच्या 15 टक्के मुलांना काउंटी कॉलेजची (तिथल्या कम्युनिटी कॉलेजची) फी माफ करणारी एनजे स्टार्स योजना आहे, तिचे नियम वेगळे.

लोकांचं म्हणाल तर बोलतात. आम्हालाही गणपतीच्या जेवणात ‘अरे, त्याला कुठेच नाही का मिळालं?’ ऐकावं लागलं. मी सांगायचो की 1984 मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश कॉम्प्युटर जगाला पहिल्यांदा दाखवला तो डी अँझाच्याच आवारातल्या फ्लिंट सेंटरमध्ये. याचा ट्रान्सफरशी काडीचा संबंध नाही, पण विषय बदलतो. तुम्हाला जपायचंय ते मुलीला. ऑगस्टमध्ये तिच्या मैत्रिणी सामान भरून निघतील, डॉर्मचे फोटो येतील, आणि डी अँझाचं क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटाशिवाय सुरू होत नाही. तो महिना वाईट जातो. थोरल्याला तेव्हा बोबा चहाच्या दुकानातल्या नोकरीने सावरलं, पुढे कॉलेजात गणिताचं ट्युटरिंग मिळालं आणि मित्रही तिथेच झाले. निर्णय तिचा असला पाहिजे. बापाने हिशेब दाखवून गळी उतरवलेला असला तर पहिल्या ‘सी’ ग्रेडला तुमच्यावर खापर फुटेल.

यूसीला होकार कळवायची मुदत 1 मे आहे. तोवर एफएएफएसएची मदत धरून खरा आकडा काढा, आणि तिला विचारा, डेव्हिस किंवा अर्व्हाइन मनापासून चालेल का. डी अँझाचा अर्ज फुकट आहे आणि तो भरल्याने यूसीच्या प्रवेशाला धक्का लागत नाही, तेव्हा तो आजच भरून ठेवा. रजिस्ट्रेशनची तारीख त्यानंतरच मिळते.