घावनाला जाळी कशी पडते?

प्रिय सई,

"घावन म्हणजे आपला पॅनकेकच ना? मग त्यात अंडं नाही, बेकिंग पावडर नाही, तर जाळी पडते कशी? आणि माझंच तव्याला का चिकटतं?" एका दमात विचारलंस. दोन्हींचं मूळ एकच, पाणी आणि ताप.

पॅनकेकच्या मैद्यातलं ग्लुटेन बुडबुडे धरून ठेवतं, म्हणून तो फुगतो. तांदळात ग्लुटेन नाही. पातळ पीठ तापलेल्या तव्यावर पडलं की पाण्याची वाफ होते, पीठ फोडून वर निघून जाते आणि तिची वाट भोक होऊन तशीच शिजते. आंबोळीची जाळी वेगळी, तिथे उडीद घालून पीठ आंबवतात. घावनाला आंबवणं नाही, तेव्हा तुझ्या तिथल्या थंडीची सबब चालणार नाही!

आजीचं प्रमाण तुझ्या वजनकाट्यावर असं: तांदळाची पिठी 150 ग्रॅम, पाणी 350 मिली, मीठ अर्धा छोटा चमचा. सहा-सात घावनं होतात. आजीची पिठी धुवून सावलीत वाळवलेल्या तांदळाची असते, तुला दुकानातली साधी चालेल. फक्त पाकीट वाचून घे. थाई दुकानातलं चिकट तांदळाचं पीठ आणलंस तर तव्यावर खळ होईल. आधी निम्मं पाणी घालून गुठळ्या मोड, मग उरलेलं घाल आणि 20 मिनिटं ठेव. पीठ पळीवरून ताकासारखं ओघळलं पाहिजे.

बिडाचा तवा मध्यम आचेवर चांगला तापव. पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचला पाहिजे. नुसता बसून उकळला तर थांब. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडव आणि तव्यावर फिरव. आता पीठ तळापासून ढवळ, वाटीने कडेकडेने ओतत मध्यभागी ये. चर्र आवाज आला की जाळी पडलीच समज. डोशासारखं पळीने पसरायला जाऊ नकोस, पीठ तिथल्या तिथे धरतं आणि फाटतं. मोकळ्या जागी पिठाचे थेंब सोड. झाकण ठेवून मिनिटभर. कडा आपोआप सुटल्या की मगच उलथणं घाल. तुझं चिकटतं ते बहुधा या घाईने, नाहीतर तवा कोमट असतो म्हणून. उलटवायचं की नाही, यावर घरोघरी वाद आहेत. मी अर्धा मिनिट उलटवते.

पहिलं बिघडलं तर बिघडू दे. जाळीच नसेल तर पीठ घट्ट, दोन चमचे पाणी वाढव. पीठ पडताच गोळा होऊन सरकत असेल तर तवा फार तापलाय, पाण्याचा हबका मार. शेवटची घावनं जाड होतात, कारण पिठी तळाशी बसते. दरवेळी ढवळ.

कोकणात गौरीला घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो. घाटलं पुढच्या पत्रात. तोवर सोपा रस कर: 200 मिली नारळाचं दूध, 60 ग्रॅम किसलेला गूळ, चिमूटभर वेलची. गूळ थंड दुधातच विरघळव, उकळलंस तर दूध फाटेल. आणि गरम घावनं एकावर एक रचू नकोस, चिकटतात. त्रिकोणी घडी घालून सुट्टी ठेव.

आई