सव्वा लाख मैल झालेली पोर्शे कायेन घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहता, घरी रोजच्या वापराला टोयोटा आहे, आणि आता २००८ सालची पोर्शे कायेन एस, १,२५,००० मैल झालेली, साडेआठ हजार डॉलरला मिळतेय. घ्यावी का, आणि घेतली तर सांभाळणं झेपेल का?

माझं उत्तर: गाडीची फाईल, म्हणजे आजवरच्या सर्व्हिसच्या बिलांचा गठ्ठा, जाड असेल तर जरूर घ्या. फाईल नसेल तर चार हजारांना दिली तरी घेऊ नका. माझ्याकडे याच पिढीतली, २००९ ची कायेन एस आहे आणि ती दीड लाख मैलांच्या पुढे गेलीय. ऑइल, ब्रेक, प्लग, बॅटरी मी घरी ड्राइव्हवेतच करते, बाकीचं एका स्वतंत्र पोर्शे मेकॅनिककडे. त्यामुळे या गाडीबद्दल मला मनापासून प्रेम आहे आणि तिच्या खोडीही ठाऊक आहेत.

आधी फाईलचं बोलू, कारण सगळं तिथेच ठरतं. ही गाडी नवी असताना साठ हजार डॉलरच्या घरात होती. आज तिची किंमत उतरलीय, पण तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची उतरलेली नाही. म्हणजे साडेआठ हजारांची गाडी घेताय, पण सांभाळायची साठ हजारांची आहे. मधल्या मालकांपैकी एखाद्याने जरी 'आता कशाला खर्च' म्हणून तीन-चार वर्षं काढली असतील, तर तो खर्च व्याजासकट तुमच्या नावावर येतो. म्हणून मैल किती झाले यापेक्षा ते कसे झाले, हे पाहा. हायवेवर सव्वा लाख चाललेली आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी, साठ हजार मैलांवर गॅरेजात धूळ खात उभ्या असलेल्या गाडीपेक्षा मी केव्हाही आधी निवडेन. उभ्या गाडीचे रबर, सील आणि बॅटरी चालत्या गाडीपेक्षा लवकर जातात.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. विक्रीच्या वेळी ओडोमीटरचा आकडा लेखी जाहीर करण्याचा जो फेडरल नियम आहे, त्यातून २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना दहा वर्षांनंतर सूट मिळते. २०११ पासूनच्या मॉडेलना ती मुदत वीस वर्षं केलीय. तुमची गाडी २००८ ची, म्हणजे सव्वा लाख या आकड्याची कायद्याने कुणी हमी देणं बंधनकारक नाही. तो आकडा खरा की खोटा हे जुनी सर्व्हिस बिलंच सांगतील. बिलं तारखेने लावा, प्रत्येकावरचे मैल पाहा, आकडा सरळ चढत गेलाय का ते तपासा. कारफॅक्सचा (गाड्यांच्या इतिहासाची नोंद ठेवणारी कंपनी) रिपोर्ट काढाच, पण त्यावर विसंबू नका. छोट्या गॅरेजात रोखीने केलेलं काम त्यात येत नाही, आणि विम्याकडे न गेलेला अपघातही येत नाही.

आता इंजिन. २००३ ते २००६ च्या कायेन एसला ४.५ लिटरचं व्ही-८, म्हणजे इंग्रजी व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं इंजिन होतं. अमेरिकेत २००७ चं मॉडेल आलंच नाही. २००८ पासून ४.८ लिटरचं, ३८५ हॉर्सपॉवरचं, डायरेक्ट इंजेक्शनवालं, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन आलं. जुन्या ४.५ मध्ये कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) प्लॅस्टिकच्या नळ्या इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या खाली, व्हीच्या खोबणीत बसवलेल्या होत्या. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या ठिसूळ होऊन फुटायच्या. त्यासाठी अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा संच मिळतो, आणि आतापर्यंत शिल्लक असलेल्या बहुतेक चांगल्या गाड्यांमध्ये तो बसलेला असतो. तुमच्या २००८ च्या गाडीत दुखणं वेगळ्या जागी आहे. थर्मोस्टॅटच्या (कूलंटचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगमध्ये कूलंटचे जोड चिकटद्रव्याने चिकटवलेले आहेत. ते चिकटद्रव्य जुनं झालं की जोड निखळतो, आणि मग ठिबकत वगैरे नाही, एकदम सगळं कूलंट रस्त्यावर येतं. मालकाला सरळ विचारा: हे हाउसिंग बदललंय का, की जोड पिना मारून पक्के करून घेतलेत? बिल दाखवलं तर तो माणूस गाडी समजून वापरणारा आहे. प्रश्नच कळला नाही, तर तुमच्या हिशोबात तेवढे पैसे बाजूला ठेवा.

यापेक्षा मोठी भीती सिलिंडरच्या भिंतींची आहे. या व्ही-८ च्या ब्लॉकमध्ये लोखंडी लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, नाहीत. अॅल्युसिल नावाच्या, सिलिकॉन मिसळलेल्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूतच सिलिंडर कोरलेले आहेत. त्या भिंतींवर उभे ओरखडे पडले की ऑइल जळायला लागतं, टकटक आवाज येतो, आणि शेवटी इंजिन खोलावं लागतं. त्याचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. थंड प्रदेशातल्या गाड्यांमध्ये हे जास्त दिसतं, आणि आपण राहतो तो भाग त्यातच मोडतो. म्हणून या एका तपासणीवर कंजुषी करू नका. मेकॅनिकला सांगा, आठही प्लग काढून प्रत्येक भोकातून बोरस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) घाल, आणि पिस्टन अगदी तळाला आणून मग भिंत बघ. पिस्टन वर असताना पाहिलं तर खालचा घासलेला भाग झाकलेला राहतो आणि सगळं छान दिसतं. स्क्रीनवर तुम्ही स्वतः उभं राहून बघा. चांगली भिंत करड्या रंगाची, एकसारखी दिसते. खराब भिंतीवर वरून खाली जाणारे उभे चरे इतके स्पष्ट दिसतात की कुणी समजावून सांगावं लागत नाही.

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की गाडी पाहायला येऊ तेव्हा ती सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे ना ते बघा. गाडी स्टार्ट केल्यावरचा पहिला अर्धा मिनिट रेडिओ बंद, एसी बंद, गप्पा बंद, फक्त ती टकटक येते का ते ऐका. मग मागे जाऊन दोन्ही बाजूंच्या टेलपाइपमधून बोट फिरवा. एका बाजूला काळी चिकट काजळी आणि दुसरी बाजू कोरडी असेल, तर त्या बाजूच्या सिलिंडरांकडे संशयाने पाहायचं.

टेस्ट ड्राइव्ह फक्त गल्लीत नको. २८७ हायवेवर नेऊन गाडी पूर्ण गरम होऊ द्या, आणि येताना साध्या रस्त्यावर ताशी तीस मैलांच्या आसपास वेग असताना हळूहळू अॅक्सिलरेटर दाबा. बुडाखालून, पुढच्या सीटांच्या मधून धडधड जाणवली, तर कार्डन शाफ्टचं, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचं, मधलं बेअरिंग गेलंय. ते बेअरिंग एका रबरी रिंगमध्ये टांगलेलं असतं आणि ते रबर फाटतं. इतक्या मैलांवर ते एकदा तरी झालेलं असणारच, त्यामुळे घाबरू नका, फक्त भावात धरा. डीलरकडे अख्खा शाफ्ट बदलायला सांगतात. स्वतंत्र मेकॅनिक नुसतं बेअरिंग बदलतो आणि बिल पुष्कळ खाली येतं. काही जण त्या रिंगमध्ये रबरी होजचे तुकडे कोंबून वेळ मारून नेतात. तसं केलेलं दिसलं तर पुढे कधीतरी नीट करायचं हे लक्षात ठेवा.

गिअरबॉक्स सहा स्पीडचा, जपानच्या आयसिन कंपनीचा आहे, आणि योग्य ऑइल वेळेवर बदललं तर तो गाडीतला सगळ्यात भरवशाचा भाग आहे. खालच्या गिअरमध्ये उतरताना झटका बसतो का तेवढं पाहा.

आता एक अशी गोष्ट जी विक्रीच्या फोटोत कधी दिसत नाही: पाणी. काचेखालच्या खोबणीतल्या आणि सनरूफच्या पाण्याच्या नळ्या ओकच्या पानांनी तुंबतात. मग पावसाचं पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं आणि कार्पेटखाली साचतं, जिथे वायरींचे जोड आहेत. वरचं कार्पेट कोरडं लागतं, कारण पाणी खालच्या जाड फोममध्ये मुरलेलं असतं. म्हणून ड्रायव्हरच्या पायाशी गुडघा टेकून, मुठीने कार्पेट जोरात दाबा, आणि तसंच पॅसेंजरच्या बाजूला आणि मागेही. दाबल्यावर हात ओला झाला किंवा कुबट वास आला, तर तिथूनच परत फिरा. इंजिनचे दोष मोजता येतात, त्यांची किंमत ठरवता येते. ओल्या वायरिंगच्या दोषांना अंत नसतो. आज सीट हलत नाही, उद्या दिवे लागत नाहीत, परवा गाडी स्टार्टच होत नाही. मी स्वतः दर शरद ऋतूत दोनदा तरी तो भाग उघडून हाताने पानं काढते.

बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, हेही माहीत असू द्या. बॅटरी अशक्त झाली की डॅशवर सस्पेन्शनचे, स्टॅबिलिटीचे भीतीदायक इशारे येतात आणि माणूस हजार-दोन हजारांचं काम काढून बसतो. आधी बॅटरी तपासून घ्यायची. सीट पुढे घेऊन, बोल्ट काढून मागे कलंडवावी लागते. काम किचकट नाही, फक्त बॅटरी फार जड आहे.

तुमच्या गाडीला स्टीलचे स्प्रिंग आहेत की एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे), ते विचारा. एस मॉडेलला एअर हा पर्याय होता. माझं स्पष्ट मत, इतक्या जुन्या गाडीत स्टीलचे स्प्रिंगच बरे. एअर असेल तर गाडी रात्रभर एका जागी उभी ठेवून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची बघायला मिळते का, ते विचारा. एखादा कोपरा बसलेला असला तर तिथे गळती आहे. टायर चारही एकाच कंपनीचे, सारख्या झिजेचे हवेत. ऑल व्हील ड्राइव्हच्या गाडीला दोन नवे दोन जुने टायर लावणारा मालक दुसरीकडेही हात आखडत आला असणार. न्यू जर्सीतल्या मिठामुळे ब्रेकच्या पाइपांवर गंज चढतो, म्हणून लिफ्टवर चढवून बुड नीट पाहा. संगणक लावून दोषांचे कोड वाचतानाही, कोड नुकतेच पुसलेले नाहीत ना, रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्याच घेते त्या चाचण्या) पूर्ण झालेत ना, हे बघायला सांगा. मॉनिटर अपुरे असतील तर चेक इंजिनचा दिवा काल रात्री विझवलेला असू शकतो.

सांभाळण्याचा खर्च. साडेआठ हजारांच्या गाडीसाठी हाताशी किमान चार हजार वेगळे असू द्या, आणि तेही पहिल्याच वर्षात लागतील असं धरून चला. वर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स आणि टायटलची फी. शहरात गॅलनला चौदा मैलांच्या आसपास मिळतात, तेही प्रीमियम पेट्रोल घालून. ऑइल एका वेळी साडेआठ-नऊ लिटर लागतं आणि मी ते पाच हजार मैलांना बदलते, कंपनी जास्त मुदत देत असली तरी. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी. डायरेक्ट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी जमते, कारण पेट्रोल त्यांच्यावरून वाहतच नाही. इंजिन अडखळायला लागलं तर अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाने मारून ते साफ करतात. हिवाळ्यात गाडी सुरू करून मिनिटभरात हळू निघायचं आणि ऑइल गरम होईपर्यंत जोर द्यायचा नाही. सिलिंडरच्या भिंतींसाठी आपल्या हातात असलेला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पैसे वाचवायची एक खरी वाट आहे. ही गाडी फोक्सवॅगन टुआरेग आणि ऑडी क्यू७ यांच्यासोबत घडवलेली आहे. सस्पेन्शनचे, वायरिंगचे, दारांचे बरेच भाग सारखे आहेत. तोच भाग फोक्सवॅगनच्या खोक्यात पुष्कळ कमी पैशात मिळतो. पार्ट नंबर जुळवायची सवय लावून घ्या. आणि गाडी घेण्याआधीच आपल्या भागातला स्वतंत्र पोर्शे मेकॅनिक शोधा, त्याच्याकडूनच तपासणी करून घ्या. डीलरच्या मजुरीत ही गाडी कुणालाच परवडणार नाही.

टोयोटा घरात राहणार आहे, ही तुमच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट. कायेन आठवडाभर मेकॅनिककडे पडली तरी ऑफिस आणि मुलांची शाळा अडत नाही. एकच गाडी असती तर मी नको म्हटलं असतं.

टर्बोचा मोह नको, त्यात सगळंच दुपटीने महाग. व्ही-८ चा आवाज नसला तरी चालणार असेल तर ३.६ लिटरची व्ही-६ कायेनही पाहून ठेवा. तिच्यात सिलिंडरच्या भिंतींची ही चिंता जवळपास नाही. पण व्ही-८ च हवं असेल, बोरस्कोपमध्ये भिंती स्वच्छ निघाल्या, कार्पेट कोरडं असलं आणि बिलं लागोपाठ असली, तर बाकीच्या कामांची यादी विक्रेत्यासमोर ठेवा, त्यांचा खर्च साडेआठ हजारांतून वजा करा आणि तो आकडा सांगा. तपासणीला गाडी देणार नाही म्हणाला, तर पुढे बोलणी करू नका.