पोस्टर तिचं, रोबोट कुणाचा?

सांगली जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. लेक नववीत. शाळेची आठ जणांची टीम फर्स्ट लेगो लीग या शालेय रोबोटिक्स स्पर्धेत उतरतेय, प्रत्येकी १४ हजार वर्गणी. ते लिहितात : "सरांनी कोडिंग मुलांकडे दिलं. हिला म्हणाले, तू छान बोलतेस, प्रेझेंटेशन आणि पोस्टर तू बघ. पंधरा दिवस गेली, आता म्हणते नाव काढून घ्या. पुढच्या वर्षी दहावी आहे. सर्टिफिकेटचा इंजिनिअरिंगला उपयोग नसेल तर मीही आग्रह धरत नाही. काय करावं?"

नमस्कार,

उपयोगाचं आधी सांगते, कारण खरा घोर तुम्हाला त्याचाच दिसतोय. आपल्याकडे इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटी किंवा जेईईच्या गुणांवर होतो आणि दहावीनंतर डिप्लोमाला जायचं तर दहावीच्या टक्क्यांवर. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, गुणवत्ता यादीत रोबोटिक्सच्या पदकाला एकही गुण मिळत नाही. कुणी तसं सांगून वर्गणी मागत असेल तर सरळ हात जोडा. परदेशातल्या काही विद्यापीठांच्या अर्जात अशा कामाची दखल घेतात, पण नववीतल्या मुलीसाठी त्याचा हिशेब आत्ता मांडू नका.

मग हे करायचं कशासाठी? दोन वर्षांपूर्वी एका शाळेत मी सराव बघायला बसले होते. सकाळी छान वळणारा रोबोट जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलाच्या कडेला जाऊन धडकायला लागला. पोरांनी चाकं काढली, घातली, एकमेकांवर खेकसली. सरांना कारण दिसत होतं, पण ते कोपऱ्यात शेंगदाणे खात गप्प बसून राहिले. (असे सर मिळायला नशीब लागतं.) पाऊण तासाने एका मुलीच्या लक्षात आलं : प्रोग्राममध्ये "मोटर ०.८ सेकंद चालव" असं लिहिलंय. बॅटरी उतरली, मोटर मंदावली, मग तेवढ्याच वेळात चाक कमी फिरणार. तिने सेकंद काढले आणि चाक किती अंश फिरलं ते मोजायला लावलं. रोबोट वळला. तुमचे १४ हजार त्या पाऊण तासासाठी आहेत. तो तुमच्या लेकीच्या वाट्याला येत नसेल तर तिची कुरकुर रास्तच आहे.

आता सरांच्या बाजूने थोडं. प्रेझेंटेशन म्हणजे दुय्यम काम, असं या स्पर्धेत अजिबात नाही. टेबलावर रोबोटने ठरलेली कामं (मिशन) करायचा खेळ अडीच मिनिटांचा आणि मूल्यमापनात तो चारातला एक भाग. रोबोटची रचना, इनोव्हेशन प्रोजेक्ट (त्या वर्षीच्या विषयातली खरी अडचण शोधून त्यावर उपाय सुचवणं) आणि टीम म्हणून कसं वागता हे उरलेले तीन. प्रोजेक्टसाठी खऱ्या माणसांना जाऊन भेटावं लागतं. २०२५-२६ चा विषय पुरातत्त्वाचा होता. त्यात उत्खननावर काम करणाऱ्याला नेमकी अडचण काय येते हे विचारल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. हे काम तिने सोडू नये.

पण परीक्षकांच्या खोलीत टीमला अर्धा तास मिळतो आणि प्रश्न सरांना नाही, टीमलाच विचारतात. "हा सेन्सर इथेच का लावला?" याचं उत्तर जिने सेन्सर कधी हातात धरला नाही तिने पाठ करून द्यायचं? परीक्षकांना ते दुसऱ्याच प्रश्नाला कळतं. आणि "ती छान बोलते" हे वाक्य मी इतक्या शाळांत ऐकलंय, की आता टीमचा फोटो बघूनच पोस्टर कुणी रंगवलं असेल ते सांगते.

तेव्हा नाव काढू नका. आणि सरांशी तुम्ही बोलू नका, तिला बोलू द्या. तक्रार नको, मागणी नेमकी हवी : "सर, एक मिशन मला द्या. त्याची जोडणीही मी करते, कोडही मी लिहिते. प्रेझेंटेशनमध्ये एका मुलाला माझ्याबरोबर घ्या." बहुतेक सर याला नाही म्हणत नाहीत, त्यांच्या डोक्यातच आलेलं नसतं. तोवर घरी स्क्रॅचवर हात बसवू दे. त्यात पडद्यावरचे ब्लॉक जोडून कोड लिहायचा असतो, आणि ते फुकट आहे. या स्पर्धेच्या किटचे कोडिंगचे ब्लॉक त्याच धाटणीचे असतात, त्यामुळे महिनाभरात ती मुलांच्या बरोबरीला येईल.

महिन्याभरानंतरही तिच्या हातात स्केचपेनच असेल, तर मात्र खुशाल बाहेर पडा. जवळपासच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे स्वतःच्या हातांनी वस्तू बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, आहे का बघा. ती सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असते.

दहावीचं म्हणाल तर पुढच्या वर्षी पूर्ण हंगाम नको. नवा विषय ऑगस्टमध्ये येतो आणि काम नेमकं सराव परीक्षांच्या तोंडावर वाढतं. रविवारी दोन तास जाऊन धाकट्या टीमला शिकवू दे. फक्त त्यांचा रोबोट धडकला की तिला गप्प बसता आलं पाहिजे. शेंगदाणे तुम्ही द्या.