शाल नको म्हणणाऱ्या सरांचं काय करायचं?

प्रश्न : आमचे भूगोलाचे सर येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. कॉलेजच्या मैदानातलं पर्जन्यमापक गेली वीस-बावीस वर्षं तेच सांभाळतात. आकडे कुणीही मागितले तरी वही पुढे करतात, वर आलेख कसा काढायचा तेही शिकवतात. आमच्यातल्या चौघांचे प्रकल्प आणि एका दादाची पीएच.डी. त्या वहीवर उभी आहे, पण सरांचं नाव कशावरच नाही. शाल-श्रीफळ आणलंत तर मी येणारच नाही, असं त्यांनी आधीच बजावलंय. हवामानशास्त्रात असल्या मदतीला काही मान असतो का? – एक विद्यार्थिनी, कोरेगाव

उत्तर : तुझं पत्र वाचून मला माझंच एक जुनं पाप आठवलं. मी साताऱ्यात पदार्थविज्ञान शिकवायचे तेव्हा आमच्याही आवारात पर्जन्यमापक होतं. रोज सकाळी साडेआठला छत्री धरून तिथे जायचे ते प्रयोगशाळेतले शिपाईमामा. काचेचं मोजपात्र पोटाशी धरून व्हरांड्यात आणायचे, फळीवर ठेवायचे आणि दुखरे गुडघे वाकवून डोळा थेट पाण्याच्या पातळीला न्यायचे. काचेला चिकटून वर चढलेली कड सोडून मधली खोलगट रेघ वाचायची, हे मला त्यांनीच शिकवलं. मी उभ्यानंच वरून बघू लागले की म्हणायचे, "मॅडम, वाका जरा." त्या आकड्यांवर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला, मानधनही घेतलं. मामांचं नाव घालायचं मला सुचलंसुद्धा नाही. आता मामा नाहीत.

तर हो, मान असतो. अमेरिकन जिओफिजिकल युनियन या पृथ्वी आणि हवामानाच्या अभ्यासकांच्या संघटनेचा एक पुरस्कार योराम कॉफमन यांच्या नावानं आहे. कॉफमन नासाच्या गोडार्ड केंद्रात हवेतली धूळ आणि धूर उपग्रहावरून मोजण्याचं काम करायचे. २००६ साली सायकल अपघातानंतर गेले. त्या पुरस्काराच्या नावातच उत्तम संशोधनाच्या जोडीला 'निःस्वार्थ सहकार्य' हे शब्द आहेत. नव्या मुलांना हात देणं, इतरांच्या कामाला लागणं, हे तिथे गुणांत धरतात.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. मान्सूनचा अंदाज बांधता यावा म्हणून जगभरचे आकडे जुळवताना त्यांना हवेच्या दाबाचा एक मोठा हेलकावा दिसला. त्याचं समुद्राशी असलेलं नातं उलगडलं जेकब बर्कनेस या हवामानशास्त्रज्ञांनी, आणि १९६९ मध्ये त्या हेलकाव्याशी जोडलेल्या हवेच्या चक्राकार फिरण्याला, म्हणजे अभिसरणाला, नाव दिलं वॉकरांचं. स्वतःचं नाही. फक्त वॉकर १९५८ सालीच वारले होते. तुमचे सर समोर आहेत, तेव्हा उशीर करू नका.

आता कामाचं. वहीची स्वच्छ प्रत संगणकावर करा. एकही आकडा गाळू नका. दिवसाला २.५ मिलिमीटर झाल्याशिवाय हवामान खातं तो 'पावसाचा दिवस' धरत नाही. पण सरांनी ०.४ सुद्धा लिहिलं असणार, आणि कोरेगावसारख्या कमी पावसाच्या भागात तेच महत्त्वाचं. पहिल्या पानावर निरीक्षक म्हणून सरांचं पूर्ण नाव घाला, कोणत्या वर्षापासून तेही.

दादाला माझा निरोप सांग : प्रबंधातून पुढे जे शोधनिबंध निघतील त्यात नुसती वही वापरली असेल तर ऋणनिर्देशात नाव हवंच, सरांनी मांडणीत, विश्लेषणातही हात घातला असेल तर सहलेखक करायचं, त्यांना विचारून. 'मोलाचे मार्गदर्शन लाभले' हे वाक्य मात्र नको, ते वाचून काहीच कळत नाही.

आणि तुम्ही पाचही जणांनी एकेक पान लिहा. सरांनी तुमच्यासाठी नेमकं काय केलं तेवढंच. कोणती चूक पकडली, कोणत्या रविवारी थांबले. ती पानं वहीच्या प्रतीसोबत बांधून द्या. सोबत कंदी पेढे चालतील. शाल खरंच नको, मे महिना आहे.