पापण्यांतल्या डेमोडेक्सवर आयपीएल घ्यावं का?

डेमोडेक्समुळे (पापण्यांच्या केसांच्या मुळाशी राहणारे सूक्ष्म किडे) पापण्यांना सूज आहे, डॉक्टरांनी आयपीएल (गालांवर तीव्र प्रकाशाचे फ्लॅश देण्याचा उपचार) सुचवलंय, घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी 4 सिटिंग घेतलीत, म्हणून लिहिते.

पहिलं सिटिंग ठरवण्याआधी त्वचेच्या रंगाविषयी बोला. हा प्रकाश त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्यही, शोषून घेतं. गोऱ्या गालाला सोसते ती ताकद सावळ्या गालावर भाजल्याचे डाग पाडू शकते, आणि फार गडद वर्णाला तर बरेच डॉक्टर नाहीच म्हणतात. मी सावळी आहे. माझ्या कानाजवळ आधी एकच फ्लॅश देऊन बघितला, थोडा वेळ थांबले, मग कमी ताकदीवर सुरुवात केली. उन्हात रापून जाऊ नका. डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर नक्की सांगा, कारण त्याने त्वचा प्रकाशाला हळवी होते आणि हे औषध पापण्यांच्या सुजेवरही देतात.

डोळ्यांवर घट्ट कवच, गालांवर गार जेल, आणि या कानापासून नाकावरून त्या कानापर्यंत फ्लॅश. रबरबँड चटकन बसावा तसं लागतं. खरं दुखतं ते नंतर, पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी दाबून रिकाम्या करतात तेव्हा. पहिल्या वेळी माझ्या ग्रंथींतून टूथपेस्टसारखं घट्ट पांढरं आलं, चौथ्या वेळी पातळ तेल. सकाळची चुरचुर गेली, वारंवार येणारी रांजणवाडीही थांबली.

पण सगळे किडे एकट्या प्रकाशाने मरतील असं धरून चालू नका. सुजेला खतपाणी घालणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या त्याने आवळतात, तेल सुटतं, किडे कमी होतात. केसांच्या मुळाशी चिकटलेला, नळीसारखा गुंडाळलेला कोंडा (डेमोडेक्सची हीच खूण डॉक्टरांनी मला स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोत दाखवली) रोज पुसावाच लागतो. किड्याचं आयुष्य 2 ते 3 आठवड्यांचं, म्हणून चार दिवस पुसून थांबलात तर अंड्यांतून नवे येतात. पुसायला टी ट्री तेल निव्वळ कधीच लावू नका, डोळ्यांसाठी बनवलेले वाइप्सच घ्या. थेट किड्यांवरचं औषधही आहे: लोटिलॅनरचे 0.25 टक्क्यांचे थेंब, दिवसातून 2 वेळा, 6 आठवडे. अमेरिकेत त्यांना 2023 मध्ये मान्यता मिळाली. डॉक्टरांशी त्याबद्दलही बोला.

आणि केस काढायचं घरगुती आयपीएल यंत्र कृपा करून पापण्यांजवळ नेऊ नका. त्याने बुबुळाला इजा होऊ शकते.